मातीवर धावणारी चाके

प्रस्तावना

पावसाळ्यात शेताच्या वाटेने जाणारी मोटारसायकल जागच्या जागी फिरत राहते, चाक घुरघुरते, चिखल उडतो. पण गाडी हातभरही पुढे सरकत नाही. हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. इंजिनात बळ असते. ते जमिनीपर्यंत पोहोचत नाही, एवढीच अडचण असते. जमीन आणि चाक यांच्यात पकड नसेल तर सारे बळ वाया जाते. अमेरिकेत मातीच्या मार्गांवर मोटारींच्या शर्यती होतात. तेथे पकड मिळविण्यासाठी टायरचे रबर हाताने कापण्याचे एक कसब विकसित झाले आहे. या पाठात त्या कसबाची ओळख करून घ्यावयाची आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• मातीच्या शर्यतमार्गाचे स्वरूप सांगू शकाल;
• टायरवरील खाच व चीर यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• रबर कापण्याचे फायदे व तोटे यांची तुलना करू शकाल;
• शर्यतीचे टायर व रस्त्यावरील वाहनांचे टायर यांतील भेद जाणू शकाल.

मूळ पाठ

मार्गाचे बदलते रूप

अमेरिकेच्या ओहायो राज्यात रॉसबर्ग या गावाजवळ एल्डोरा स्पीडवे हा मातीचा शर्यतमार्ग आहे. तो 1954 साली सुरू झाला. आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल येथे 1961 पासून मातीवरील मोठी वार्षिक शर्यत भरते. हे दोन्ही मार्ग लंबवर्तुळाकार आहेत व एका फेरीचे अंतर सुमारे अर्धा मैल, म्हणजे साधारण 800 मीटर आहे. येथे धावणाऱ्या 'स्प्रिंट कार' या गाडीचे वजन चालकासह साडेसहाशे किलोच्या आसपास असते, तर तिच्या इंजिनाची शक्ती सुमारे 900 अश्वशक्ती असते. एवढ्या हलक्या गाडीत एवढे बळ असल्यावर ते मातीवर टेकवायचे कसे, हाच खरा प्रश्न असतो.

हा प्रश्न अवघड होतो तो मातीमुळे. डांबरी मार्ग संध्याकाळभर बहुधा सारखाच राहतो. मातीचा मार्ग मात्र तासातासाला बदलतो. शर्यतींपूर्वी टँकरने पाणी मारून चिकणमाती भिजवलेली असते. सुरुवातीला ती ओली व चिकट असते. थोड्या वेळाने तिला शेतकऱ्याच्या भाषेत वापसा येतो. या अवस्थेत चाक मातीत सहज रुततेही आणि सुटतेही. पुढे गाड्यांच्या घर्षणाने व वाऱ्याने ओल निघून जाते. सैल माती मार्गाच्या कडेला फेकली जाते आणि मधला पट्टा सारवलेल्या अंगणासारखा कठीण व गुळगुळीत होतो. ज्या टायरने सुरुवातीला गाडी पुढे नेली, तोच टायर आता घसरू लागतो.

खाच आणि चीर

टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर रबराचे उंच ठोकळे असतात. या ठोकळ्यांच्या कडा मातीत रुततात व चाकाला आधार देतात. कारखान्यातून आलेल्या टायरवर मोठे ठोकळे असतात. शर्यतीच्या चमूतील कारागीर मार्ग पाहून त्यांवर आणखी काम करतो. हे काम दोन प्रकारचे असते.

पहिला प्रकार खाचेचा. विजेवर तापणाऱ्या हत्याराला इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचे पाते असते. तापलेले पाते रबरातून ओढले की रबराची लांबट साल निघून येते व मागे रुंद खाच राहते. खाचेमुळे मोठ्या ठोकळ्याचे दोन लहान ठोकळे होतात, म्हणजेच मातीत रुतणाऱ्या कडा वाढतात. ओली माती या खाचेतून बाहेर फेकली जाते. रबरात साठलेल्या उष्णतेलाही बाहेर पडण्यास वाट मिळते.

दुसरा प्रकार चिरेचा. धारदार, पातळ पात्याने ठोकळ्यावर अरुंद चिरा पाडतात. येथे रबर काढून टाकले जात नाही, ते केवळ चिरले जाते. चिरलेला ठोकळा भार पडताच किंचित वाकतो व त्याच्या बारीक कडा उघडतात. हे वाकणे चालू राहिल्याने रबर लवकर गरम होते. शर्यतीचे रबर थंड असताना कडक असते व गरम झाल्यावर मऊ होऊन पकड देते. म्हणून कडक जातीच्या रबराला चिरांचा उपयोग अधिक होतो.

अशा चिरांसाठी जॉन साइप यांना 1923 साली अमेरिकेत पेटंट मिळाले. ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून बुटांच्या तळव्यांना चिरा पाडण्याची युक्ती प्रथम कत्तलखान्यात सुचली, अशी कथा सांगितली जाते. इंग्रजीत अशा चिरेला आजही 'साइप' असेच म्हणतात.

दिशा, जागा आणि खोली

खाच कोणत्या दिशेने पाडायची, यालाही अर्थ असतो. चाकाच्या रुंदीला धरून आडवी खाच पाडली, तर तिची कड गाडीला पुढे ढकलण्यास व वेग कमी करण्यास मदत करते. चाकाच्या परिघाला धरून उभी खाच पाडली, तर तिची कड गाडीला बाजूला घसरण्यापासून रोखते. वळणावर या दोन्हींची गरज असते, म्हणून कारागीर दोहोंचा मेळ घालतो.

अमेरिकेतील या मार्गांवर गाड्या नेहमी डावीकडे वळतात. वळताना भार उजव्या बाजूवर जातो. त्यामुळे मागच्या उजव्या चाकावर सर्वांत अधिक ताण येतो व त्याच्या कापणीचा विचारही सर्वांत बारकाईने केला जातो. एकाच गाडीच्या चार टायरांवर चार वेगळ्या नक्ष्या दिसतात, त्या यामुळेच.

खाचेच्या खोलीला मर्यादा असते. ठोकळ्यांच्या खाली रबराचा थर व त्याखाली दोऱ्यांचे जाळे असते. पाते त्या जाळ्याला लागले, तर टायर वेगात असताना फुटू शकतो. म्हणून खाचेच्या तळाशी पुरेसे रबर राखले जाते. चिरा तर खाचेहूनही उथळ ठेवतात.

मिळकत आणि किंमत

जितके अधिक कापावे तितकी पकड वाढते, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तसे नाही. प्रत्येक खाचेबरोबर जमिनीला टेकणारे रबर कमी होते. ठोकळे फार लहान झाले तर ते मुळापासून डोलू लागतात, जास्त तापतात आणि त्यांचे तुकडे उडू लागतात. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत वेगवान ठरलेला टायर पन्नास फेऱ्यांच्या शर्यतीत निम्म्या वाटेवरच गोटा होऊ शकतो. उलट, झीज टाळण्यासाठी काहीच कापले नाही, तर सुकलेल्या मार्गावर गाडी पहिल्याच वळणावर मागे पडते.

शिवाय कापलेले रबर पुन्हा जोडता येत नाही. गाडीतील बहुतेक जुळण्या बदलून पाहता येतात. टायरमधील हवा कमी-जास्त करता येते, स्प्रिंग बदलता येते. खाच मात्र कायमची असते. म्हणून अनुभवी कारागीर पाते हाती घेण्याआधी मार्गावर पायी फिरतो, माती बोटांनी चुरून पाहतो, आकाश व वारा पाहतो. आताची माती कशी आहे, यापेक्षा अंतिम शर्यतीच्या वेळी ती कशी असेल, याचा अंदाज त्याला बांधावा लागतो. अंदाज पक्का नसेल तर तो थोडेच कापतो, कारण कमी कापलेल्या टायरवर नंतर आणखी कापता येते.

शर्यत संपल्यावरही टायर बोलत असतो. ठोकळ्यांच्या कडा गोल झाल्या असतील, पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल किंवा रबरावर फोड आले असतील, तर त्यावरून टायर कोठे घसरला व कोठे तापला हे समजते. चकाकणारा कडक थर घासून काढला की खालचे ताजे रबर पुन्हा कामाला येते.

काही स्पर्धांमध्ये खर्च आटोक्यात राहावा व सर्वांना समान संधी मिळावी, म्हणून टायर कापण्यास मनाई असते. रसायनात भिजवून रबर मऊ करणे तर बहुतेक ठिकाणी नियमबाह्य आहे. त्यासाठी टायरचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. जेथे कापण्यास परवानगी आहे, तेथे ते कसब मानले जाते. जेथे नाही, तेथे तीच फसवणूक ठरते.

रस्त्यावर हे चालणार नाही

हे सारे बंदिस्त मार्गावरील शर्यतीपुरते आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरवरील नक्षीची खोली किमान 0.8 मिलिमीटर, तर इतर वाहनांच्या बाबतीत किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते. गोटा झालेल्या टायरवर पात्याने नव्या खाचा पाडून तो नव्यासारखा दाखविण्याचा प्रकार धोक्याचा आहे. शर्यतीचा कारागीर जाड रबरातून खाच काढतो. झिजलेल्या टायरमध्ये तेवढे रबरच उरलेले नसते. तेथे पाडलेली खाच पकड वाढवीत नाही; ती टायर फुटण्याची तयारी करते.

शब्दार्थ

वापसा – मशागतीस योग्य असा जमिनीतील ओलावा
कसब – हातातील कौशल्य
खाच – रबर काढून तयार केलेली रुंद चर
चीर – पातळ पात्याने दिलेला अरुंद छेद
गोटा होणे – टायर झिजून गुळगुळीत होणे

पाठगत प्रश्न

1. योग्य पर्याय निवडा. परिघाला धरून पाडलेली उभी खाच मुख्यतः कशासाठी उपयोगी पडते?
(अ) गाडी पुढे ढकलण्यासाठी (आ) बाजूला घसरणे रोखण्यासाठी (इ) वजन कमी करण्यासाठी
2. मागच्या उजव्या चाकाकडे विशेष लक्ष का दिले जाते?

आपण काय शिकलात?

• मातीचा मार्ग एकाच संध्याकाळी ओला, वापशाचा व गुळगुळीत अशी रूपे घेतो.
• खाच रबर काढून कडा वाढवते. चीर रबर लवचीक व उबदार करते.
• पकड मिळते ती टिकाऊपणाच्या मोबदल्यात, आणि कापलेले रबर परत मिळत नाही.

पाठान्त प्रश्न

1. 'अंदाज पक्का नसेल तर तो थोडेच कापतो.' यामागील कारण स्पष्ट करा.
2. शेतकरी व टायर कापणारा कारागीर यांच्या मातीविषयीच्या ज्ञानात कोणते साम्य आढळते?
3. एकदा केल्यावर परत फिरवता न येणारी कृती तुमच्या व्यवसायात किंवा परिसरात कोणती आहे? ती करण्यापूर्वी कोणती काळजी घेतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.