वाकायचं कुठून? गोल्फचा पवित्रा आणि योगासनं



हा पाठ इयत्ता सातवी ते नववीच्या मुलांसाठी आहे. साहित्य फार लागत नाही. एक सरळ तुराटी किंवा कवायतीची काठी, एक भिंत आणि एक प्लास्टिकचा चेंडू. दोन तासिका पुरतात.

गोल्फच का, हा प्रश्न वर्गात पहिला येणार. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांनी गोल्फचं मैदान फक्त टीव्हीवर पाहिलंय. मराठी माणूस या खेळात नाही असं मात्र नाही, पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळले आहेत. पण हा खेळ निवडायचं कारण वेगळं आहे. गोल्फमध्ये चेंडू जागचा हलत नाही. कबड्डीत चढाईवाला अंगावर येतो, क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, तेव्हा आपण कसे उभे आहोत हे बघायला सवड कुठे असते? गोल्फचा जेमतेम ४६ ग्रॅमचा चेंडू गवतावर गुपचूप पडलेला असतो. खेळाडू त्याच्यापुढे येतो, पाय रोवतो, वाकतो, हात खाली सोडतो आणि मगच काठी, म्हणजे क्लब, उचलतो. फटक्याआधीचं हे उभं राहणं म्हणजे पवित्रा. मुलांना शरीराची ठेवण शिकवायला इतका निवांत खेळ दुसरा नाही.

निवांत असला तरी कमरेला सोपा नाही. गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये कंबरदुखी नेहमी आढळते. टायगर वूड्सच्या पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये त्यांच्या कमरेचा शेवटचा मणका खालच्या त्रिकास्थीशी जोडावा लागला, आणि त्यानंतर २०१९ मध्ये ते मास्टर्स स्पर्धा जिंकले. मुलांना ही गोष्ट आवडते, जरूर सांगा. फक्त एवढ्या मोठ्या खेळाडूचा पवित्रा चुकीचा होता, असा अर्थ त्यातून काढू नका. वर्षानुवर्षं जोरात पिळणाऱ्या पाठीवर किती भार येतो, एवढंच त्यातून दाखवायचंय.

आता मुख्य मुद्दा. पी.टी.च्या तासाला आपण सहज म्हणतो, "कमरेतून वाका, गुडघे सरळ!" मुलं ऐकतात आणि खरंच कमरेतून वाकतात, पाठीची कमान होते. पण शरीराचं वाकायचं बिजागर कमरेत नाही, ते खाली खुब्यात आहे. मांडीचं हाड जिथे ओटीपोटाच्या हाडात बसतं तो उखळीचा सांधा. मुलांना त्याची जागा अशी दाखवा: दोन्ही तळहातांच्या कडा जांघेच्या घडीत ठेवायच्या आणि हात आत दाबत बसायचा भाग मागे न्यायचा. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या आहेत आणि मागचं दार लोटायचंय, तेव्हा आपण जसं करतो तसं. पाठ आपोआप पुढे झुकते आणि सरळही राहते. गोल्फचा पवित्रा तो हाच.

आता तुराटी घ्या. ती मुलाच्या पाठीवर उभी धरायची. तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचं सपाट हाड. कमरेपाशी तळहात जाईल एवढी फट राहते, ती असू द्या. गुडघे किंचित सैल सोडायला सांगा आणि मग वाकायला सांगा. तीनपैकी एक जागा सुटली की समजायचं, मूल तिथून वाकतंय. बहुतेकांचं आधी खालचं हाड सुटतं. जोडीजोडीने करू द्या. एकमेकांच्या चुका शोधण्यात मुलं किती तयार असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

योगाच्या वर्गात हीच गोष्ट वेगळ्या नावांनी शिकवतात. आधी ताडासन. त्यात तळपायावर भार कुठे आहे, हे मुलांना डोळे मिटून ओळखायला सांगा. टाचेवर, चवड्यावर की मधोमध? भार मधोमध आला की बोटं मोकळी हलवता येतात. त्यानंतर अर्ध उत्तानासन. दोन्ही हात कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे आणि मागे मागे चालत जायचं, धड जमिनीला समांतर होईपर्यंत. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या तर गुडघे खुशाल वाकवा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, पट्टा, लाकडी ठोकळे यांची मदत घेऊन आसनं शिकवण्याची पद्धत जगभर नेली. साहित्य नसलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही भिंत असतेच! योग वेगळा आणि मैदान वेगळं, असं मानणाऱ्यांनी जवळच अमरावतीला जाऊन यावं. १९१४ मध्ये सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात दोन्ही एकाच आवारात शिकवतात.

पुढचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मुलांना बाकावर पोक काढून बसवा आणि तसंच उजवीकडे वळायला सांगा. मागचं काय काय दिसतं ते त्यांनी लक्षात ठेवायचं. मग ताठ बसून पुन्हा वळायला सांगा. या वेळी बरंच जास्त मागचं दिसतं. कारण सोपं आहे. कमरेच्या पाचही मणक्यांची मिळून पिळण्याची क्षमता जेमतेम दहा-पंधरा अंश असते. उरलेलं वळण छातीमागच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून यायला हवं. पोक काढलं की छातीमागचे मणके अडकतात, आणि जास्तीचा पीळ कमरेवर येतो. म्हणून अर्ध मत्स्येंद्रासनात श्वास घेताना आधी पाठ उंच करतात आणि सोडताना वळतात. आधी लांबी, मग पीळ. गोल्फचा फटकाही याच क्रमाने बसतो.

पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या. मुलं पहिली पटकन आणतात, दुसरी विसरतात. दात आवळलेले, खांदे कानापर्यंत वर, श्वास रोखलेला. अशा वेळी "सरळ राहा" असं ओरडू नका. "एक लांब श्वास सोड" म्हणा आणि खांदे कसे खाली येतात ते बघा. मग प्लास्टिकचा चेंडू पुढे ठेवून त्याच काठीने हळूच टोलवू द्या. मुलांमध्ये दोन काठ्यांचं अंतर मात्र हवंच.

आता ज्या कारणासाठी हा पाठ लिहिला त्याकडे येतो. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली की आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया दिवसभर पऱ्हाटीत वाकलेल्या असतात. खालची बोंडं वेचायला वाकावंच लागतं. पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो आणि ते वजन पाठीला आणखी पुढे ओढतं. निंदणाला तेच, हापशावरून हंडा उचलताना तेच. खुब्यातून वाकणं, ओटी भरायच्या आत रिकामी करणं, मधूनमधून उभं राहून हात वर ताणणं, याने भार हलका होतो. पण खरं सांगायचं तर आठ तास वाकून केलेल्या कामावर कुठलंही आसन पुरं पडत नाही. घरच्या बाईला मधे विसावा मिळायला हवा, आणि तो द्यायचं काम घरच्यांचं आहे. पालकसभेत हे बोलायला संकोच करू नका.

एक सावधगिरी. पाठदुखी पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर काठी आणि आसनं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवा.

घरचा अभ्यास: घरात कोण कोण किती वेळ वाकून काम करतं ते एका दिवसापुरतं वहीत लिहायचं. काम, अंदाजे वेळ, मधे कितीदा उभं राहिले. मग त्यांच्या परवानगीने पाठीवर तुराटी धरून बघायचं, कोणती जागा आधी सुटते. पुढच्या तासाला सगळ्या वह्या एकत्र ठेवून वर्गाचा एक तक्ता फळ्यावर काढा.