संगमावर बंद पडलेलं मशीन

पावसाळा संपल्यावर होडी पाण्यात लोटली, तेव्हाच मशीन सांगत होतं, मीच ऐकलं नाही. देवबागला कर्ली खाडीत आमची फायबरची छोटी होडी आहे. तिच्या मागे ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. दोन सिलिंडर, प्रत्येकाला वेगळा कार्बोरेटर. थ्रॉटल पूर्ण दिला की ते पूर्वीसारखंच धावायचं. मंद केलं की थरथरायचं, अडखळायचं, मधूनच बंद पडायचं. धावतंय म्हणजे ठणठणीत आहे, असं मी धरून चाललो. मंद गतीचा स्क्रू थोडा पिळला, आवाज चढला आणि थरथर लपली. गिअर टाकताना ‘खाड्’ असा आवाज येऊ लागला, तिकडेही काणाडोळा केला.

आठवड्याभरानंतर ओहोटीला परत येत होतो. ओहोटीला खाडीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि समुद्राची लाट त्याला सामोरी येते, म्हणून संगमावर लाटा उभ्या राहून फुटतात. तिथे वेग कमी करून, लाटेच्या पाठीमागे राहूनच आत शिरावं लागतं. मी थ्रॉटल कमी केला आणि मशीन गप्प झालं. होडी आडवी झाली, एक लाट सरळ आत आली. सोबतच्या पुतण्याने वल्हं मारून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कशीबशी वळवली. मी दोरी ओढत राहिलो. पाचव्या ओढीला मशीन लागलं. आधीच्या चार ओढी मी जन्मभर विसरणार नाही.

गावातल्या मेस्त्रीकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “इस्क्रू पिळून दुखणां जाता काय रे?”

दुखणं खालच्या कार्बोरेटरमध्ये होतं. भरधाव चालताना पेट्रोल मोठ्या जेटमधून येतं, मंद चालताना मात्र अगदी बारीक मार्गातून. पावसाळाभर आत राहिलेलं पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर त्या बारीक मार्गात बसला होता. मंद गतीला खालचा सिलिंडर उपाशी होता, मशीन एकाच सिलिंडरवर चालत होतं. शिवाय आमच्यासारख्या जुन्या टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी, त्याला तेलही कमी. असं फार दिवस चाललं तर पिस्टन घासून जाम होतो.

तेव्हापासून मी ठरलेल्या क्रमानेच तपासतो. तुम्हीही तसंच करा.

आधी पेट्रोल. जुनं असेल तर ओतू नका, बाजूला काढून ठेवा आणि ताजं भरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि पाणी वाढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. तेलाचं प्रमाण आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर. टाकीचं हवेचं झाकण उघडं आहे ना, नळीतला रबरी फुगा दाबल्यावर घट्ट होतो ना, तेही बघा.

मग प्लग. दोन्ही काढून शेजारी ठेवा. आमचा वरचा तपकिरी, तेलकट होता. खालचा कोरडा, फिकट. निम्मं उत्तर तिथेच मिळालं. ठिणगी तपासताना प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकलेलं असू द्या आणि जवळपास पेट्रोलची वाफ नको.

तिसरं कॉम्प्रेशन. दोन सिलिंडरच्या आकड्यांत मोठा फरक निघाला, तर कार्बोरेटर कितीही साफ करा, उपयोग नाही. आकडे जुळले तरच पुढे जा.

त्यानंतर हवेची गळती आणि कार्बोरेटर. मंद चालताना चोक किंचित ओढा. मशीन सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. गॅस्केट आणि बोल्ट तपासा. जेट तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी किती फेरे आहेत ते मोजून लिहून ठेवा. गतीच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी. आणि पाण्याशिवाय मशीन क्षणभरही चालवू नका, पंपाचा इंपेलर जळतो.

आता हंगाम संपला की आम्ही पेट्रोलची नळी काढतो आणि कार्बोरेटर रिकामे करूनच मशीन झाकतो. रोज पहाटे निघण्यापूर्वी होडी घट्ट बांधून, पंख्याजवळ कुणी नाही हे पाहून, गिअरमध्ये पाच मिनिटं मंद चालवतो. अडखळलं तर त्या दिवशी संगमाकडे जात नाही. होडी बांधलेली असताना मशीन बंद पडलं तर एक दिवसाची मासळी जाते, एवढंच.