क्षयजंतूचे मेणाचे चिलखत

उसाच्या फडात शिरलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिली असेल. उसाच्या कांड्यावर, विशेषतः सांध्याच्या जरा खाली, पांढुरकी भुकटी असते. नखाने खरवडली तर ती निघते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही. मण्यासारखा गोल होऊन घरंगळतो. ही भुकटी म्हणजे मेण होय. बारामती-इंदापूरकडच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. कारखान्यात हे मेण रसाबरोबर आत जाते आणि बरेचसे प्रेसमडमध्ये उतरते. कांड्यातले पाणी बाहेर जाऊ नये, बाहेरचे नको ते आत येऊ नये, यासाठी उसाने केलेली ही सोय आहे.

हीच युक्ती एका जंतूने फार पुढे नेली आहे. तो जंतू म्हणजे क्षयाचा, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. त्याच्या अंगावरचे मेण ‘मायकोलिक आम्ल’ या नावाने ओळखले जाते. या मेणामुळे तो मारायला अवघड झाला; गंमत अशी की, त्याच मेणामुळे तो ओळखायला सोपाही झाला.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तो रंगवण्याची सुधारलेली रीत त्याच वर्षी पॉल एर्लिख यांनी शोधली. पुढे झील आणि नील्सन यांनी तिच्यात भर घातली. तालुक्याच्या रुग्णालयात थुंकीची तपासणी होते तेव्हा अनेक ठिकाणी आजही हीच रीत वापरतात. काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर देऊन त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओततात व खालून ऊब देतात. उष्णतेने मेणाचा थर सैल होतो आणि रंग आत शिरतो. पट्टी निवली की थर पुन्हा घट्ट होतो. मग २५ टक्के गंधकाम्ल ओतले की बाकीच्या सर्व पेशींचा लाल रंग धुऊन निघतो, क्षयजंतूचा मात्र निघत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. कुष्ठरोगाचा जंतू याच कुळातला. पण त्याची रंग धरून ठेवण्याची ताकद कमी, म्हणून त्याच्यासाठी ५ टक्केच आम्ल वापरतात.

आता हे मेण इतके घट्ट का, हा प्रश्न भौतिकीचा आहे. मेदाम्लाचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची साखळी. लोण्यात सापडणाऱ्या ब्युटिरिक आम्लात ४ कार्बन असतात. त्याचा द्रवणांक शून्य अंशाच्याही खाली आहे. पामिटिक आम्लात १६ कार्बन असून ते ६३ अंश सेल्सियसला वितळते. २४ कार्बनचे लिग्नोसेरिक आम्ल ८४ अंशांपर्यंत टिकते. साखळी लांब झाली की शेजारच्या साखळीशी तिचा स्पर्श वाढतो, आकर्षण वाढते, आणि त्यांना सुटे करायला जास्त उष्णता लागते. साखळीत बाक असेल तर मात्र घट्ट रचना जमत नाही. ऑलिइक आम्लात १८ कार्बन असूनही ते सुमारे १४ अंशांना वितळते, ते या बाकामुळेच. वाकडी लाकडे नीट रचता येत नाहीत, तसेच हे.

क्षयजंतूच्या मायकोलिक आम्लात ७० ते ९० कार्बन असतात! एक लांब साखळी आणि तिला फुटलेली २४ ते २६ कार्बनची आखूड फांदी, अशी त्याची ठेवण आहे. अमेरिकेत अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९३८ साली ते वेगळे केले. जंतूच्या बाहेरच्या अंगाला याचे एक संपूर्ण पटल असावे, असा तर्क मिनिकिन यांनी १९८२ मध्ये मांडला होता. गोठवलेल्या जंतूंच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रांत ते पटल २००८ मध्ये प्रत्यक्ष दिसले. साखळीच्या लांबीचे महत्त्व २००७ च्या एका प्रयोगात उघड झाले. न्यूयॉर्कमध्ये जेकब्ज यांच्या प्रयोगशाळेत अपूर्व भट्ट व सहकाऱ्यांनी जंतूतील एक जनुक काढून टाकले. त्यामुळे साखळ्या काही कार्बनांनीच आखूड झाल्या. पण तेवढ्यानेच आम्लापुढे रंग धरून ठेवण्याचा गुण नाहीसा झाला.

ही साखळी बनते कशी? पेशीच्या आत विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, दोन खाती आहेत. पहिले खाते आखूड साखळ्या तयार करते. दुसरे त्यांतल्या काही घेऊन प्रत्येक फेरीत २ कार्बन जोडत जाते व ५० ते ६० कार्बनपर्यंत पोचते. मग लांब साखळी आणि फांदी यांचा सांधा होतो. हा सांधा होण्याआधी लांब साखळीला ‘जागे’ करावे लागते. क्षयजंतूतील विकरांचा एक मोठा गट मेदाम्लांना या कामी कसा तयार करतो, हे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत राजेश गोखले आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले.

माल तयार झाला, पण तो आत. लागतो बाहेर. मेण पाण्यात विरघळत नाही, मग वाहून कोण नेणार? जंतूने यासाठी गाडी म्हणून चक्क एक साखर निवडली आहे. तिचे नाव ट्रेहॅलोज. उसाच्या साखरेत ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी असते, ट्रेहॅलोजमध्ये दोन्ही ग्लुकोजच. आपल्याकडे गाडीतून ऊस जातो आणि त्याची साखर होते. इथे साखरच गाडी होते. ट्रेहॅलोजवर एक मायकोलिक आम्ल लादले की ‘एमएमपीएल-३’ नावाचे प्रथिन त्याला आतल्या पटलापलीकडे ढकलते. यासाठी लागणारी ऊर्जा प्रोटॉनांपासून मिळते. पटलाच्या बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी; शिवाय विभवांतरही असते. म्हणजे पटल हे जणू भारित विद्युतघटच. प्रोटॉन आत वाहतात, त्या ओघावर माल बाहेर जातो.

बाहेर ‘अँटिजेन ८५’ गटातील विकरे माल उतरवून घेतात. काही आम्ले शर्करांच्या जाळ्याला पक्की बांधली जातात, काही दुसऱ्या ट्रेहॅलोजवर चढवून भिंतीत बसवली जातात. रिकामी झालेली ट्रेहॅलोज वाया जात नाही. आणखी एक यंत्रणा तिला परत आत आणते. हे २०१० मध्ये कळले.

ही साखळी कोठे तोडता येईल, यावर क्षयाचे उपचार बरेच अवलंबून आहेत. आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे. ते कार्बन जोडणाऱ्या दुसऱ्या खात्यातील एका विकराला बंद पाडते. नवे मेण मिळाले नाही की वाढणारा जंतू मरतो. इथॅम्ब्युटॉल हे दुसरे औषध मेण ज्याला बांधतात ते शर्करांचे जाळेच विणू देत नाही. सुरुवातीच्या २ महिन्यांत दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी ही दोन अशी चिलखतावरच घाव घालतात.

उपचार साधारण ६ महिन्यांचा. आमच्या भागात या आकड्याला एक वेगळा अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. म्हणजे हंगामात सुरू झालेला उपचार गावी गेल्यावरच पुरा होणार! गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; ‘निक्षय’ नोंदणीमुळे दुसऱ्या जिल्ह्यातही त्या पुढे चालू ठेवता येतात, पण जाण्याआधी दवाखान्यात तसे सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात नव्याने क्षय झालेल्यांपैकी सुमारे २६ टक्के लोक भारतातले होते.

गोळ्या मध्येच सुटल्या तर औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरू शकतात. आयसोनियाझिड जंतूत शिरते तेव्हा ते निष्क्रिय असते. जंतूचेच ‘कॅट-जी’ नावाचे विकर त्याला कार्यक्षम करते. कॅट-जीच्या जनुकात बदल झाला की औषध आत जाऊनही निद्रिस्तच राहते. म्हणून संशोधकांचे लक्ष आता माल बाहेर ढकलणाऱ्या एमएमपीएल-३ कडे गेले आहे. त्याची त्रिमितीय रचना २०१९ मध्ये उलगडली. तिला अडवणारे रेणू प्रोटॉनांच्या वाटेतच जाऊन बसतात, आणि त्यासाठी त्यांना कॅट-जीची गरज लागत नाही.