आपली रेषा

कागद, कुंचला आणि रंगांच्या वड्या यांच्यावाचून पूर्वी चित्र होत नसे. आता चित्रकलेला आणखी एक वाट फुटली आहे. मोबाइलने छायाचित्र घ्यावे, ते संगणकाच्या पडद्यावर आणावे आणि तेथेच रंगवून त्याचे चित्र करावे, ही ती वाट होय. वाट सोपी दिसते. परंतु तिच्यावर एक फसवे वळण आहे. त्या वळणावर एक मुलगी कशी चुकली आणि पुढे स्वतःच्या मार्गाला कशी लागली, त्याची ही हकीकत आहे.

सातव्या इयत्तेत शिकणाऱ्या या मुलीच्या आजीला पंचाहत्तर वर्षे पुरी होणार होती. त्या दिवशी आजीला तिचेच चित्र भेट द्यावे, असे मुलीने ठरविले. आजी सकाळच्या उन्हात ओटीवर बसून सुपात तांदूळ निवडीत होती. मुलीने तिचे छायाचित्र घेतले, ते संगणकावर उघडले आणि ‘तैलचित्र’ असे लिहिलेले एक बटण दाबले. क्षणार्धात छायाचित्राचे रूप पालटले. सगळीकडे कुंचल्याचे फटकारे मारल्यासारखे दिसू लागले. मुलीला अतिशय हर्ष झाला. तिने धावत जाऊन ते चित्र आजीला दाखविले.

आजीने चष्मा पुसला, चित्र दूर धरून पाहिले आणि म्हटले, “छान आहे ग. पण ही बाई कोण?”

मुलीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने ते चित्र चित्रकलेच्या बाईंपुढे ठेवले आणि घडलेली हकीकत सांगितली. बाईंनी चित्र लक्षपूर्वक पाहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, “यातले तू काय ठेवलेस आणि काय गाळलेस?”

मुलीला उत्तर सुचेना. कारण तिने काहीच ठेवले नव्हते आणि काहीच गाळले नव्हते. ते काम यंत्राने केले होते.

बाईंनी तिला यंत्राची रीत समजावून सांगितली. पडद्यावरचे चित्र लक्षावधी सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना ‘पिक्सेल’ म्हणतात. प्रत्येक ठिपक्यासाठी संगणक सामान्यतः तीन आकडे साठवितो: एक तांबड्या रंगाचा, एक हिरव्याचा आणि एक निळ्याचा. हे आकडे बहुधा 0 ते 255 यांमधील असतात. बटण दाबताच संगणक एका ठरीव नियमाने हे आकडे बदलतो. शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतो. आजीच्या गालावरची सुरकुती आणि मागच्या भिंतीवरची भेग, दोन्ही त्याला सारख्याच. म्हणून दोन्ही त्याने सारख्याच पुसून टाकल्या.

“मग छायाचित्रावरून चित्र काढूच नये का, बाई?” मुलीने विचारले.

“अवश्य काढावे,” बाई म्हणाल्या. “थोरामोठ्यांनीही काढली आहेत.” आणि त्यांनी तिला व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराची गोष्ट सांगितली.

सन 1889 मध्ये व्हॅन गॉग फ्रान्समधील सेंट रेमी येथील रुग्णालयात मानसिक विकारावर उपचार घेत होता. बाहेर जाऊन चित्रे काढणे त्याला नेहमी शक्य होत नसे. मिले या फ्रेंच चित्रकाराविषयी त्याला फार आदर होता. मिलेच्या चित्रांच्या रंगहीन प्रतिकृती समोर ठेवून त्याने त्या शरद ऋतूत व हिवाळ्यात सुमारे 20 चित्रे रंगविली. त्याचा भाऊ थिओ याने त्याला मिलेच्या ‘पहिली पावले’ या चित्राचे छायाचित्र पाठविले होते. एक लहान मूल आईच्या आधाराने पहिले पाऊल टाकीत आहे, आणि समोर बसलेल्या बापाने त्याच्यासाठी हात पसरले आहेत, असे ते दृश्य आहे. व्हॅन गॉगने छायाचित्रावर चौकटी आखल्या आणि त्यांच्या आधाराने आकृती कॅनव्हासवर उतरविली. येथवर त्याने मिलेचे अनुकरण केले. परंतु रंग मात्र छायाचित्रात नव्हतेच. ते त्याने आपल्या मनातून आणले. झाडाझुडपांवर त्याच्या कुंचल्याचे वळणदार फटकारे उमटले. एखादा गायक दुसऱ्याने बांधलेली चीज आपल्या गळ्याने गातो, तसेच हे आपले काम आहे, अशी त्याची भावना होती. हे चित्र त्याने जानेवारी 1890 मध्ये रंगविले; त्याच महिन्याच्या 31 तारखेस थिओला मुलगा झाला. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दृश्य मिलेचे खरे; परंतु पाहणारा ते व्हॅन गॉगचेच चित्र म्हणून ओळखतो.

“पण त्याच्या हाती कुंचला होता. संगणकावर असे कसे साधेल?” मुलीने शंका काढली.

बाईंपाशी त्याचेही उदाहरण होते. जुलै 1985 मध्ये न्यूयॉर्क येथे ‘अमिगा’ नावाचा नवा संगणक लोकांसमोर मांडण्यात आला. त्या प्रसंगी अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने डेबी हॅरी या गायिकेचा कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा पडद्यावर घेतला आणि सर्वांच्या देखत तो रंगविला. यंत्र नवे होते; तरी छायाचित्रातील बारकावे सोडून सपाट, ठळक रंग भरण्याची त्याची जुनी आवड त्या चित्रातही दिसून आली. साधन बदलले, पण निवड करणारी दृष्टी तीच राहिली.

मुलगी घरी आली. तिने मूळ छायाचित्र पुन्हा उघडले आणि ते मोठे करून बराच वेळ पाहिले. सुपाच्या कडेवर टेकलेले आजीचे एक बोट वाकडे होते. इतक्या वर्षांत ते तिच्या ध्यानात आले नव्हते. तिने आजीला विचारले. लहानपणी जाते उचलताना ते बोट चेंगरले होते, असे आजीने सांगितले. बटणाने केलेल्या चित्रात ते बोट सरळ, गुळगुळीत झाले होते!

आता काय ठेवावयाचे, ते मुलीला समजले. संगणकावर पारदर्शक कागदांसारखे थर एकावर एक ठेवता येतात. सर्वांत खालच्या थरावर तिने छायाचित्र फिकट करून ठेवले आणि वरच्या थरावर आजीची आकृती रेखाटली. डोळे किलकिले करून तिने उजेड कोठे आणि सावली कोठे, ते ठरविले. मागच्या विजेच्या तारा आणि प्लॅस्टिकची बादली गाळली. छायाचित्रात सावलीमुळे आजीचे हिरवे लुगडे मळकट दिसत होते. तेथील रंग तसाच न उचलता तिने आपल्या ओळखीचा गडद हिरवा रंग निवडला. संगणकात शेकडो प्रकारचे कुंचले होते, तरी तिने दोनच घेतले. शेवटी छायाचित्राचा थर झाकून ठेवला आणि हात, सूप व चेहरा केवळ आठवून पुरे केले. पहिली दोन चित्रे बिघडली. तिसऱ्याला आठ दिवस लागले.

हे चित्र पहिल्यासारखे सफाईदार नव्हते. रेषा आखूड आणि जाड होत्या. एक खांदा किंचित खाली उतरला होता. आजीने ते हाती घेतले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग त्या वाकड्या बोटावर आपले बोट ठेवून ती म्हणाली, “हा माझाच हात.”

पुढे त्या मुलीने शाळेपुढचा कडुनिंब रंगविला, एस. टी. स्थानक रंगविले. चित्राखाली नाव नसले, तरी त्या आखूड, जाड रेषा पाहून वर्गातील मुले चित्र कोणाचे, ते सांगू लागली. ती शैली तिने मुद्दाम शोधली नव्हती. पुनःपुन्हा पाहावे, हवे ते ठेवावे, नको ते गाळावे, असे करता करता ती तिच्या हाताला लाभली होती. यंत्र चित्राला रूप देऊ शकते. परंतु ज्याने प्रेमाने पाहिले आहे, त्यालाच आपली रेषा सापडते.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट. प्रतिकृती – हुबेहूब नक्कल. चीज – गाण्याची बांधलेली रचना. किलकिले – अर्धवट मिटलेले. शैली – काम करण्याची स्वतःची पद्धत.

स्वाध्याय

1. पहिले चित्र पाहून आजीने काय विचारले? तसे का विचारले असावे?
2. सुरकुती आणि भेग यंत्राला सारख्याच का वाटल्या?
3. व्हॅन गॉगने छायाचित्रातून काय घेतले आणि स्वतःचे काय घातले?
4. दुसऱ्या वेळी मुलीने काय ठेवले व काय गाळले, ते लिहा.
5. वाक्यात उपयोग करा: चेहरा उतरणे, वाट फुटणे, मार्गाला लागणे.
6. घरातील एका व्यक्तीचे हात लक्षपूर्वक पाहा आणि त्यांचे वर्णन दहा ओळींत करा.