हुरड्याची आगटी व राखेखालचा विस्तव

पौष-माघात शाळूची कणसे भरली की शिवारात हुरड्याच्या आगट्या पेटतात. खड्डा खणून गोवऱ्या रचाव्या, त्यांचे निखारे झाले की त्यांत कणसे भाजावी, ही रीत ग्रामीण मुलांस शिकवावी लागत नाही. शिकवावयाचे ते यापुढचे आहे. हुरडा खाऊन मंडळी उठतात, तेव्हा खड्ड्यावर करड्या राखेचा थर आलेला असतो. आगटी विझली असे सर्वजण समजतात. वास्तविक ती विझलेली नसते.

निखाऱ्यास जळण्यासाठी हवा लागते. राख हवा थोडीच आत जाऊ देते, पण उष्णताही बाहेर पडू देत नाही. म्हणून निखारा मंदपणे जळत कित्येक तास टिकतो. पूर्वी घरोघर रात्री चुलीतील विस्तव राखेत पुरून ठेवीत व पहाटे फुंकर घालून चेतवीत. ही माहिती मुलांनी आजीकडून विचारून आणावी. पुस्तकी व्याख्येपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हणही याच पाठात घ्यावी. ज्वाळा पाहून मूल मागे सरते. फुफाट्यात मात्र ते अनवाणी पाऊल टाकते.

प्रयोग शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या अंगणात करावा. बाभळीचे चार-पाच निखारे एका पत्र्याच्या डब्यात राखेने झाकावे व तितकेच दुसऱ्या डब्यात उघडे ठेवावे. मधल्या सुटीनंतर दोन्ही लांब काठीने उकरून दाखवावे. मुले चार हात दूर उभी असावी.

माती लोटून आगटी बुजविण्याची सवय सर्वत्र आढळते. ती घातक होय, कारण मातीही राखेचेच काम करते. शिवाय शेतातील मातीत वाळलेली धसकटे असतात. वाऱ्याच्या बाजूस उभे राहून पाणी हळूहळू ओतावे, कारण एकदम ओतल्यास तप्त वाफ व राख उसळते. मग काठीने ढवळावे, पुन्हा पाणी घालावे. चुरचुर थांबून वाफ येईनाशी झाली, व वर धरलेल्या तळहाताच्या पाठीस ऊब लागेनाशी झाली, म्हणजे काम झाले. घरची राखही अशीच निववून मगच उकिरड्यावर टाकावी; कडब्याच्या गंजीजवळ किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत ती कधीही ठेवू नये.

पाय भाजल्यास त्यावर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी धरावे. शाई, तूप वा दंतमंजन लावू नये. फोड मोठा असल्यास मुलास आरोग्य केंद्रात न्यावे.

पूर्ण निवलेली, कोरडी राख शाळेच्या बागेत भाजीच्या वाफ्यांवर पातळ पसरता येते. तीत पालाश असते. जमीन चोपण असल्यास मात्र टाकू नये.