स्वादुपिंडावरील शस्त्रक्रियेनंतरचा अतिसार

अतिसार म्हटला की दूषित पाणी आणि उघड्यावरील अन्न यांचीच प्रथम आठवण होते. ते स्वाभाविकही आहे. परंतु पोटावरील मोठी शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णास महिनोन्‌महिने जुलाब होत असतील, तर त्याचे कारण केवळ विहिरीच्या पाण्यात शोधून भागत नाही.

स्वादुपिंड ही जठरामागे आडवी असलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. तिच्या शीर्षभागी कर्करोग झाल्यास करावयाची शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. १९३५ मध्ये त्यांनी ती वैद्यकजगतापुढे मांडली. तीत ग्रंथीच्या शीर्षाबरोबर लहान आतड्याचा आरंभीचा भाग व पित्ताशयही काढतात. साहजिकच पाचक रस कमी पडतो. न पचलेली चरबी मळावाटे जाते. मळ फिकट, तेलकट व अतिशय दुर्गंधीयुक्त होतो.

दुसरे कारण निराळे आहे. आतड्यांस रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिणीभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असते. कर्करोगाचा अंश मागे राहू नये म्हणून ते काढावे लागले, तर आतड्यांच्या गतीवरील नियंत्रण सुटते आणि जेवण होताच रुग्णास शौचास धावावे लागते. हा मळ पातळ असतो, तेलकट असेलच असे नाही. काही रुग्णांत दोन्ही कारणे एकत्र असतात.

हा भेद ओळखणे अगत्याचे, कारण उपचार भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात पाचक विकरांच्या कॅप्सूल देतात. त्या जेवणासोबतच घ्यावयाच्या असतात. उपाशीपोटी घेतल्यास व्यर्थ जातात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवितात, हे रुग्णास आधीच सांगितलेले बरे. मागाहून कळल्यास औषधच सोडले जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारात आतड्यांची गती मंद करणारे लोपेरामाइडसारखे औषध वैद्यकीय सल्ल्याने देतात.

घरची मंडळी मात्र सद्‌हेतूने तेल-तूप पूर्ण बंद करून रुग्णास पेजेवर ठेवतात. शस्त्रक्रियेतून वाचलेला माणूस अशाने वाळत जातो. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही कमी पडतात. विकरांची मात्रा पुरेशी असेल तर स्निग्ध पदार्थ सोसतील तेवढे देता येतात. जलसंजीवनीने शरीरातील पाणी व क्षार भरून निघतात, अपचन दूर होत नाही. शौचातून रक्त पडल्यास, ताप आल्यास वा लघवी कमी झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना शस्त्रक्रियेचा तपशील असलेला रुग्णालयाचा कागद सोबत न्यावा. पोटातील काय काढले व काय उरले, हे त्यावरूनच तेथील डॉक्टरांस कळते.