चौफेर लढा

(डास मारण्याचे औषध फवारले की डास संपतात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. असे का होते आणि डासांना आळा घालण्यासाठी कोणकोणते उपाय एकत्र करावे लागतात, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, डास तो केवढासा! फुंकर मारली तरी उडून जातो. पण या एवढ्याशा कीटकाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली आहेत. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, हत्तीरोग हे सारे आजार डासांमुळे पसरतात.

पूर्वी ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. दलदलीतील खराब हवेमुळे हिवताप येतो, असे लोक मानत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर सिकंदराबाद येथे या तापाचा अभ्यास करीत होते. हुसेन खान नावाच्या एका रुग्णाने स्वतःला डास चावू दिले. एका डासामागे त्याला एक आणा मिळाला. त्याचे रक्त प्यायलेल्या डासांपैकी एकाच्या पोटात रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी हिवतापाचे जंतू आढळले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस आजही ‘जागतिक डास दिन’ म्हणून पाळला जातो.

शत्रू कोण ते कळले. पुढे हत्यारही मिळाले. १९३९ साली स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ पॉल म्युलर यांना डी.डी.टी. या पावडरीचा कीटकनाशक गुण समजला. त्या काळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत असत. १९५३ साली सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. घरोघरी भिंतींवर डी.डी.टी. फवारण्यात आली. परिणाम चकित करणारा होता. १९६५ साली देशभरात फक्त एक लाखाच्या आसपास रुग्ण उरले. आता हिवताप कायमचा जाणार, असे सर्वांना वाटू लागले.

पण तसे झाले नाही. १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांच्या वर गेली!

असे का झाले? एक कारण म्हणजे काम ढिले पडले. दुसरे कारण डासांच्या अंगातच होते. समजा, एका खोलीत हजार डास आहेत. औषध फवारले, नऊशे नव्वद मेले. जे दहा वाचले, त्यांना ते औषध बाधत नव्हते. पुढची पिल्ले त्या दहांचीच. त्यांनाही औषध बाधेना. वर्षानुवर्षे तेच औषध मारीत राहिल्यास शेवटी बहुतेक डास त्या औषधाला दाद देत नाहीत. यालाच ‘प्रतिकारशक्ती येणे’ म्हणतात.

तेव्हा एकाच हत्यारावर विसंबून चालत नाही. मागावर नुसत्या ताण्याचे कापड होत नाही, बाणाही लागतो. तसेच येथेही अनेक उपाय एकमेकांत गुंफावे लागतात. याला ‘एकात्मिक नियंत्रण’ असे म्हणतात.

यासाठी प्रथम शत्रूच्या सवयी ओळखा. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस डास रात्री चावतो. शहरात तो विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि बांधकामाच्या ठिकाणी साचलेले पाणी पसंत करतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो आणि घरातील साठवलेल्या पाण्यात वाढतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास मात्र गटाराच्या घाण पाण्यात वाढतो. म्हणजे नुसते गटार साफ केले, तर डेंग्यूचा डास हसत राहील! तो गटारात नसतो. तो आपल्या कूलरमध्ये, फुलदाणीत, गच्चीवर फेकलेल्या टायरमध्ये असतो.

डासाची मादी पाण्यात अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीपासून कोष आणि कोषातून डास बाहेर येतो. उन्हाळी हवेत यासाठी साधारण आठ ते दहा दिवस लागतात. यातच आपली सोय आहे. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी केली, तर अळीचा डास होण्यापूर्वीच ती मरते. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात.

आता एकेक उपाय पाहू.

पहिला उपाय पाण्याचा. खड्डे बुजवावेत, निरुपयोगी डबे व टायर फेकून द्यावेत, टाकीला घट्ट झाकण लावावे. आपल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. तेथे पाणी साठवल्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी पिंपावर जाड कापड ताणून बांधावे. पिंप रिकामे झाल्यावर आतून घासून काढावे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाण्यावाचून कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, घासणे जरुरीचे आहे.

दुसरा उपाय जिवंत मित्रांचा. गप्पी मासे डासांच्या अळ्या आवडीने खातात. ज्या हौदाचे किंवा विहिरीचे पाणी उपसता येत नाही, तेथे ते सोडतात. मात्र नदीत किंवा नैसर्गिक तलावात ते सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांचा त्रास होतो. अळ्यांना मारणारे, पण माणसाला अपाय न करणारे जिवाणूही आता वापरले जातात.

तिसरा उपाय अडथळ्याचा. खिडक्यांना जाळी, रात्री मच्छरदाणी, अंगभर कपडे. औषध लावलेल्या मच्छरदाण्याही मिळतात. एडिस दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

चौथा उपाय औषधाचा. औषध वाईट नाही. पण ते जेथे गरज आहे तेथेच, योग्य प्रमाणात आणि जाणकारांच्या सल्ल्याने वापरावे. धुराची गाडी गल्लीतून गेली की उडणारे काही डास मरतात. पाण्यातील अळ्या मात्र तशाच राहतात. म्हणून धूर झाला, आता काळजी मिटली, असे समजू नये.

पाचवा उपाय रुग्णाचा. हिवतापाच्या रुग्णाला चावलेला डास पुढे दुसऱ्यांना रोग देतो. म्हणून ताप येताच रक्त तपासून घ्यावे. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात लपून बसतात. ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेल्या सर्व गोळ्या पूर्ण घ्याव्यात.

हे सर्व फक्त पुस्तकात शोभणारे उपाय नाहीत. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ शहरातील विहिरींत असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर अनेक विहिरी बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. १९८३ साली गुजरातमधील खेडा जिल्ह्यात शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना बरोबर घेतले. खड्डे बुजवले, पाण्यात गप्पी मासे सोडले, रुग्ण शोधून उपचार केले. फवारणीवर भर न देताही तेथील हिवताप कमी झाला. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत १९६३ साली हिवतापाचे फक्त सतरा रुग्ण उरले होते. लोक निर्धास्त झाले आणि काही वर्षांतच लाखो लोकांना पुन्हा ताप आला. पण त्या देशाने हार मानली नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

शेतकरीही याच वाटेने जातात. कपाशीवरील बोंडअळीला एकाच औषधाने आवर बसत नाही. म्हणून ते कामगंध सापळे लावतात, निंबोळीचा अर्क फवारतात, मित्रकीटकांना जपतात आणि कीड फार वाढली तरच रासायनिक औषध वापरतात.

मुलांनो, सरकार आणि नगरपालिका त्यांचे काम करतील. पण तुमच्या घरातील फुलदाणी कोण तपासणार? ते काम तुमचे आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवा. अम्मी-अब्बांना मदत करा, शेजारच्या घरीही सांगा. तुमचे घर स्वच्छ आणि शेजारच्या गच्चीवर पाण्याने भरलेला टायर असेल, तर डास भिंत ओळखत नाही. सारी गल्ली एक झाली, तरच हा लढा जिंकता येईल.

शब्दार्थ
चौफेर – चारही बाजूंनी
दगावणे – मरण पावणे
आळा घालणे – रोखणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
विसंबणे – भरवसा ठेवणे
गत्यंतर नसणे – दुसरा मार्ग नसणे
निर्धास्त – बेफिकीर
निंबोळी – कडुनिंबाचे फळ

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) हुसेन खानला एका डासामागे काय मिळाले?
(इ) एडिस डास केव्हा चावतो?
२. कारणे लिहा.
(अ) पिंप रिकामे केल्यावर घासावे लागते.
(आ) १९६५ नंतर हिवताप पुन्हा वाढला.
(इ) गप्पी मासे नदीत सोडू नयेत.
३. वाक्यांत उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, हार न मानणे, आळा घालणे.
४. उपक्रम : तुमच्या घरात व शाळेत पाणी कोठे कोठे साचते, याची यादी करा. प्रत्येक जागेपुढे योग्य उपाय लिहा आणि ती यादी वर्गात वाचून दाखवा.